परत येण्याचं कारण

हॅमिल्टन, ११ ऑगस्ट २०२४

प्रिय रोझमेरीबाय,

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण व्हिडिओ कॉलला सालोमी आपल्या दोघींच्या मध्ये बसलेली असते आणि तिच्यासमोर मला रडायचं नाही. म्हणून टाइप करून पाठवतेय. ती शाळेत गेली की वाचा.

आलं एकदाचं! कॅनडात कायमचं राहायला, म्हणजे पीआरला, मी पात्र आहे असं परवा इमिग्रेशनवाल्यांनी कळवलं. मेल उघडला तेव्हा मी ज्यांना सांभाळते त्या घरच्या आजींना भरवत होते. पेजेचा चमचा तसाच हातात राहिला. आजी म्हणाल्या, "काय गं, कोण गेलं?" मी म्हटलं, कोणी गेलं नाही, आता माझी मुलगी येणार.

दोन वर्षांत नेते असं तिला सांगून निघाले होते. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. दोन वर्षं काम भरायचं, अर्ज करायचा, इतकं साधं वाटलं होतं. मग पहिल्या घरच्या आजी मुदत भरायच्या आधीच वारल्या, मग कोविड, मग दुसरं घर मिळेपर्यंत नुसतं बसून राहणं, आणि त्यानंतर अर्ज कुठल्या तरी टेबलावर पडून. मधे एकदाच, एका नाताळात येऊन गेले. आता ती नववीत आहे. माझ्या खांद्याला लागते का हो?

आता फक्त तिचंच काम उरलंय. अंधेरीच्या क्लिनिकमध्ये तिची मेडिकल करायची, आणि पासपोर्टची मुदत संपलीय तो नवा काढायचा. मेडिकल झाल्यापासून वर्षाच्या आत ती इथं उतरली पाहिजे. नाही उतरली तर पुन्हा पहिल्यापासून, आणि मग किती वर्षं लागतील ते कोणी सांगत नाही.

मी काय मागतेय ते मला कळतं, बाय. माझा ज्युड अपघातात गेला तेव्हा त्याची मोठी बहीण म्हणून तुम्ही चार दिवस रडून मोकळ्या होऊ शकला असता. तुम्ही आम्हां दोघींना घरात घेतलंत. मी सालोमीला सुरुवातीलाच सोबत आणू शकले असते, तशी परवानगी होती. पण मालकांच्या बेसमेंटमध्ये एक खोली, मी दिवसभर त्यांच्या आजींजवळ, आणि ही पोर कोणाजवळ? तुम्ही म्हणालात, "ठेव माझ्याकडे." ते दोन शब्द मी रोज आठवते.

मी आता दोन खोल्यांची जागा घेतलीय. एक खोली तिची. तिला कुठला रंग हवा ते विचाराल?

तुमची,
ज्युली

---

भुईगाव, ४ सप्टेंबर २०२४

प्रिय ज्युली,

अनेक आशीर्वाद. मला मोबाइलवर मराठी टाइप करायला जमत नाही, म्हणून वहीच्या पानावर लिहून फोटो पाठवते आहे. अक्षर वळणदार आहे, शाळेतून निवृत्त झाले तरी तेवढं राहिलं आहे.

तुझं पत्र वाचलं आणि चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावून आले. गॉडफ्रेच्या गाडीने आम्ही अंधेरीला गेलो. शेजारधर्माने त्याने भाडं घेतलं नाही, दोन फण्या वेलची केळी मात्र घेतली. क्लिनिकमध्ये एक्स-रे, लघवी, डोळे, वजन, उंची, सगळं झालं. नर्सबाई मला म्हणाल्या, "आई, तुम्ही बाहेर थांबा." मी आई नव्हे असं सांगायला गेले तोवर दार लागलं होतं.

मुलगी तुझ्या खांद्याला नाही, कानाला लागेल. केस ज्युडसारखे, विंचरले की दहा मिनिटांत पुन्हा उभे. चर्चच्या कॉयरमध्ये गाते. विज्ञानात बरी, गणितात माझ्यासारखी.

कॅनडाला जायचं म्हणून खूश आहे. रोज काही ना काही विचारते. खोलीला पिवळा रंग हवा म्हणाली.

वाडीत यंदा अनंताला भरपूर फुलं आली. पानवेल मात्र मी काढून टाकली, एकटीला झेपत नाही. तू प्रकृतीला जप. त्या आजींना उचलताना कमरेत वाकू नकोस, गुडघ्यांत वाक. मी वर्गातलं बाक असंच उचलायची.

रोझमेरी

---

हॅमिल्टन, २० नोव्हेंबर २०२४

रोझमेरीबाय,

स्पष्ट लिहिते, राग मानू नका. किंवा माना.

पासपोर्टची अपॉइंटमेंट नऊ तारखेला होती. तुम्ही कळवलंत, सालोमीला ताप आला म्हणून जाता आलं नाही. मी इथं रात्रभर काळजी केली. दुसऱ्या दिवशी सहज आपल्या चर्चचं पेज उघडलं. नऊ तारखेच्याच संध्याकाळच्या मिस्साचा व्हिडिओ होता. कॉयरमध्ये दुसऱ्या रांगेत, निळ्या फ्रॉकमध्ये, तोंड उघडून गात होती माझी मुलगी. तापाने फणफणलेली!

नंतरची अपॉइंटमेंटही तुम्ही घेतलेली नाही. फोनवर सालोमी "हो", "नाही", "बरंय" याच्यापुढे बोलत नाही आणि तुम्ही मागून सांगता, "अभ्यासाने दमलीय." मी खोली पिवळी रंगवली म्हणून दाखवली तर म्हणाली, "मस्त," आणि बाजूला बघायला लागली. तिकडे तुम्ही बसला होतात.

मी वेडी नाही. तुम्हाला तिला सोडायचं नाही. समजू शकते मी. तुम्ही लग्न केलं नाही, घर मोठं, संध्याकाळ मोठी. पण सालोमी माझी आहे. मी सहा वर्षं परक्यांचं गू-मूत काढलं ते तुमच्या म्हातारपणाची सोय व्हावी म्हणून नाही.

माझ्याकडे ऑगस्टपर्यंतच मुदत आहे. पासपोर्टशिवाय व्हिसाचा शिक्का बसत नाही. तुमच्याने होत नसेल तर सांगा, मी गॉडफ्रेला सांगते.

ज्युली

---

भुईगाव, ८ डिसेंबर २०२४

प्रिय ज्युली,

तुझं पत्र वाचल्यावर दोन आठवडे मी लिहिलं नाही. आधी पासपोर्टचं काम करायचं आणि मग उत्तर द्यायचं असं ठरवलं होतं. काल ते झालं. फोटो, बोटांचे ठसे, सगळं. आता लिहिते.

ताप नव्हता. त्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी होती आणि सालोमी घरात नव्हती. मी तिला विहिरीमागच्या केळींत शोधून काढलं. चिखलात बसली होती, शाळेचा चांगला ड्रेस घालून.

मी म्हटलं, "चल बाय, उशीर होतोय."

म्हणाली, "मी नाही येणार. आजही नाही, नंतरही नाही."

"अगं, मम्मी वाट बघते."

"मम्मी फोनमध्ये आहे ना? मग तिथंच बरी आहे. मला इथं काय कमी आहे?"

हे मी तुला कसं कळवणार होते? आणि हे पहिल्यांदा नव्हतं. ऑगस्टपासून हेच चाललं होतं. पिवळा रंग तिने सांगितला नव्हता, मीच लिहिला. मला वाटलं, पोर आहे, हळूहळू तयार होईल, तोवर तुझं मन कशाला मोडायचं. खूश आहे असं मी लिहीत गेले आणि तू भिंती रंगवत गेलीस. ते माझं चुकलं.

पण मी तिला अडवलं असं तू लिहिलंस, ते तसं नाही. ती माझ्याजवळ राहावी असं मला वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही. वाटत होतं. पण मी तिच्याशी त्याबद्दल एक शब्द बोलले नाही.

तुझं पत्र आल्यावर मी तिला समोर बसवलं. समजावून, रागावून, फादरांकडून सांगवून, सगळं झालं होतं. तेव्हा मी वेगळंच बोलले. म्हटलं, "सालोमी, आता मला होत नाही. गुडघे गेले. ज्युड गेला म्हणून मी तुला ठेवून घेतलं, कोणीतरी करायला हवं होतं म्हणून केलं. आता माझं सुटू दे. तू तुझ्या आईकडे जा."

तिने विचारलं, "मी तुला जड झाले?"

मी म्हटलं, "हो."

काल ती आपणहून गाडीत बसली. त्या बोलण्यापासून स्वतःचं ताट स्वतः घासते, कपडे स्वतः धुते, आणि मला जिना चढताना बघितलं की उठून बाजूला होते. केस विंचरायला माझ्याकडे येत नाही.

हे खोटं होतं हे तुला सांगायची गरज नाही. पण तिला सांगू नकोस. ती तिथं रुजेपर्यंत तरी नको. आत्ता कळलं तर पासपोर्ट फाडून टाकेल, ज्युडचीच मुलगी आहे.

नाताळच्या शुभेच्छा. पोर्कचं इंद्याल केलं की तुझी आठवण येते, तू व्हिनेगर जास्त घालायचीस.

रोझमेरी

---

हॅमिल्टन, २७ एप्रिल २०२५

प्रिय रोझमेरीबाय,

सालोमी येऊन महिना झाला. फोटो पाठवले ते मिळाले ना?

नोव्हेंबरच्या पत्रात जे लिहिलं त्याबद्दल मी अजून माफी मागितली नाही. फोनवर जीभ रेटत नव्हती. म्हातारपणाची सोय म्हणाले मी, आणि तुम्ही त्या पत्राचं उत्तर कशाने दिलंत ते मला कळलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले होते. माफ करा.

एअरपोर्टवर ती दारातून आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. फोनवर तोंड बघत होते, तरी माझ्या डोक्यात लहान मुलगीच होती. मी तिच्या मागे बघत होते. ती माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मम्मी, मी." इमिग्रेशनच्या ऑफिसरने तिला "वेलकम होम" म्हटलं होतं, ते तिने मला गाडीत सांगितलं आणि हसली. कशी हसली ते मला सांगता येत नाही.

खूप चांगली मुलगी वाढवलीत तुम्ही. काही मागत नाही, कुरकुर करत नाही. बर्फात स्वतः जाऊन बस पकडते. सकाळी उठून आपलं अंथरूण घडी करून ठेवते, बेड आहे तरी. आणि रोज जेवण झालं की मला "थँक्यू" म्हणते. पहिल्या दिवशी मला छान वाटलं. आता तो शब्द येणार म्हणून मी घास घेता घेता घाबरते. पाहुणे म्हणतात तसं म्हणते हो. माझी मुलगी माझ्या घरी पाहुणी आलीय.

एकदा मी विचारलं, "आत्याला फोन लावायचा?" म्हणाली, "नको. त्यांना आराम करू दे." त्यांना! तुमच्याबद्दल ती असं बोलते.

मी त्या क्षणी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मनात आलं, सांगितलं तर ही मनाने पुन्हा भुईगावला जाईल, आणि माझ्याकडे जे थोडंसं वळलंय तेही जाईल. म्हणून गप्प राहिले. हे तुमच्या सांगण्यावरून नाही, हे माझ्या लोभाने.

काय करू ते सांगा.

ज्युली

---

भुईगाव, १८ मे २०२५

प्रिय ज्युली,

माफीचं राहू दे. तुझ्या जागी मी असते तर याहून वाईट लिहिलं असतं, आणि शुद्धलेखन बरोबर असतं.

अजून सांगू नकोस. एक महिना म्हणजे काय? पहिलीत आलेली मुलं जूनभर रडतात. दाराशी आई उभी असेल तर दिवाळीपर्यंत रडतात. मी आयांना हात धरून फाटकाबाहेर काढायची. आता माझ्यावर तीच वेळ आली आहे, तर मीच फाटकाशी कशी उभी राहू?

मला बरं नाही वगैरे तिला सांगू नकोस. मला बरं आहे. मे महिना आहे, संध्याकाळी क्रूसाजवळ रोझरीची प्रार्थना असते, मी जाते. पूर्वी पुढे होऊन सालोमी ती म्हणायची. आता गावातल्या रॉबर्टची सून म्हणते, घाईघाईत.

एकच सांगते. तिच्या केसांना खोबरेल तेल लाव, आठवड्यातून एकदा तरी. ती नको म्हणेल. तरी मागे जाऊन बस. तेल लावताना तोंड दिसत नाही, त्यामुळे मुलं बोलतात.

रोझमेरी

---

हॅमिल्टन, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय रोझमेरीबाय,

मी तिला सांगितलं. तुमचं ऐकलं नाही.

तुम्ही म्हणालात तसं तेल लावत होते. भारतीय दुकानातलं तेल, इथं थंडीत ते गोठतं, पण आता उन्हाळा आहे. तिने विचारलं, "मम्मी, मी तुला पण जड झाले तर कुठं पाठवशील?"

सहज विचारलं. बसचा टाइम विचारावा तसं.

माझे हात तिच्या डोक्यावरच थांबले. मी सगळं सांगितलं. तुमचं डिसेंबरचं पत्र फोनमध्ये होतं, ते वाचायला दिलं. तिने वाचलं, पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "तुला डिसेंबरपासून माहीत होतं?"

"हो."

"आणि तू बघत राहिलीस."

मी म्हटलं, "मला वाटलं तू परत जाशील."

ती उठली आणि तिच्या खोलीत गेली. मी दाराबाहेर जमिनीवर बसून राहिले. नंतरचं तुम्हाला माहीत आहे, तिने तुम्हाला फोन लावला. दारातून मला फक्त "आत्या" एवढंच ऐकू येत होतं. तुम्ही दोघी काय बोललात ते मी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, तुला जायचं असेल तर जा, मी तिकीट काढते. मनापासून म्हटलं, बाय. ती म्हणाली, "आता कुठं जाऊ? दहावीचं वर्ष तिथं सुरू झालं, माझं नाव काढलं. मैत्रिणी पुढं गेल्या. इथं अजून कोणी मला नावाने हाक मारत नाही, सलोम म्हणतात. मला आता दोन्हीकडचं काही येत नाही."

पंधरा वर्षांच्या मुलीने हे बोलावं. मी इतकी वर्षं एकच विचार केला, पीआर मिळालं की सगळं जागेवर येईल. जागाच बदलून गेली.

आता ती माझ्याशी भांडते. "थँक्यू" बंद झालं. परवा ताट आपटलं. मला बरं वाटलं हे तुम्हालाच सांगू शकते.

तिचं एकच मागणं आहे, आत्याला आण. मी चौकशी केली. कायमचं आणता येत नाही, इथल्या सरकारच्या नियमात आई-वडील, आजी-आजोबा बसतात, नवऱ्याची बहीण बसत नाही. पण सहा महिन्यांसाठी पाहुणी म्हणून येता येईल. मी आमंत्रणाचं पत्र आणि बँकेचे कागद पाठवते. तुम्ही नाही म्हणू नका. तिची खोली आता निळी आहे, तिनेच रंगवली. तुमची गादी तिने खिडकीशी मांडून ठेवलीय.

ज्युली

---

भुईगाव, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय ज्युली,

व्हिसाचं उत्तर काल आलं. नकार आहे. फोनवर सांगितलं असतं, पण सालोमी बाजूला असणार आणि मला माझा आवाज सांभाळता आला नसता.

मी सगळं नीट केलं होतं. मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले. पेन्शनची ऑर्डर, घराचे कागद, वाडीचा सात-बारा, सगळं जोडलं. स्वेटरही घेतला. गॉडफ्रेची बायको म्हणाली, हा कॅनडात पुरायचा नाही, म्हणून दुसरा घेतला.

उत्तर इंग्रजीत आहे, पण सोपं आहे. मुदत संपल्यावर मी परत जाईन अशी त्यांना खात्री वाटत नाही. कारण माझ्या देशात माझं कुटुंब नाही, आणि जवळचं जे आहे ते कॅनडात आहे.

मी रागवायचा प्रयत्न केला. अन्याय झाला, पुन्हा अर्ज करू, असं गॉडफ्रे म्हणत होता. रात्री मी तो कागद घेऊन बसले आणि सवयीने लाल पेन हातात घेतलं. चूक कुठं आहे ते शोधत होते. नवरा नाही, बरोबर. मूल नाही, बरोबर. भाऊ नाही, बरोबर. माणूस परत येतो तो माणसांकडे येतो असं त्यांचं म्हणणं दिसतं. घर, विहीर, वाडी हे त्यांनी धरलंच नाही. आणि ज्युली, खरं सांगू? सहा महिन्यांनी त्या मुलीने माझा पदर धरला असता, तर मी परत विमानात बसले असते की नाही, माझं मलाही सांगता येत नाही. एकदा तिला सोडलं, ते एकदाच जमतं.

तू मला कधीही विचारलं नाहीस, पण मी स्वतःला विचारते. "ठेव माझ्याकडे" असं मी त्या वेळी म्हणाले नसते तर? तुम्ही दोघी बेसमेंटमध्ये अडचणीत राहिला असता, पण एकत्र राहिला असता. मला तेव्हा वाटलं, मी तुझ्यावर उपकार करते आहे. नऊ वर्षांची मुलगी घरात राहणार याचा आनंद त्यात किती होता, ते मी तपासलं नव्हतं.

पुन्हा अर्ज करायचा का ते उन्हाळ्यात बघू. सुट्टीत तुम्हा दोघींना यायला जमलं तर या. नाही जमलं तरी मी धरून बसणार नाही, फोनवर म्हणालीस तशी तुझी नोकरी नवी आहे.

सालोमीला काय सांगायचं, असं तू विचारशील. आत्यालाच थंडी सोसणार नाही म्हणून ती नको म्हणाली, असं सांग, असं मी आधी लिहिलं होतं. ते खोडलं. वरचं खोडलेलं दिसतंय तुला. सोबत त्या उत्तराचाही फोटो पाठवते. तिला तो कागदच वाचायला दे. माझं जवळचं माणूस कॅनडात आहे असं त्यावर छापलेलं आहे, सहीशिक्क्यासकट. तिला ते वाचू दे.

रोझमेरी